शेरखानाचा आवाज द्या, नाहीतर पैसे परत करा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'नव्वदीचा रविवार' या वार्षिक पॅकमध्ये जाहिरातीप्रमाणे माल न मिळाल्याबाबत.

महोदय,

आपल्या अ‍ॅपवरचा 'नव्वदीचा रविवार' हा जुन्या कार्टूनचा पॅक मी दिवाळीच्या सुट्टीआधी घेतला. वर्षाचे 999 रुपये एकरकमी भरले. जाहिरातीत लिहिलं होतं : 'तुमचं बालपण, जसंच्या तसं. दूरदर्शनवर ऐकलेला आवाज, दूरदर्शनवर पाहिलेलं चित्र.' पॅक उघडल्यावर आवाज वेगळा निघाला आणि चित्र कापलेलं. याबद्दल चॅटवर लिहिलं, तर 'आम्ही आपल्या आठवणींचा आदर करतो' असं उत्तर आलं आणि खाली एक हसरा चेहरा. आठवणींची काळजी आपण करू नये, त्या माझ्यापाशी सुखरूप आहेत. माझी तक्रार मालाबद्दल आहे. गिऱ्हाइकाने साबण मागितला आणि वेष्टनात दुसराच निघाला, तर दुकानदार त्याच्या भावनांची विचारपूस करत बसत नाही, बदलून देतो.

आधी मोगलीतल्या शेरखान वाघाचं बोलू, कारण मुख्यतः त्याच्यासाठीच पैसे भरले होते.

मोगलीची ती मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, 1989 सालची, 52 भागांची. आपल्याकडे ती 1993 मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आली. शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा होता. तो वाघ फार डरकाळ्या फोडायचा नाही. शब्द दाताखाली धरून बोलायचा, मधेच थांबायचा, आणि तो थांबला की आम्हा पोरांची पाचावर धारण बसायची. पुढचं वाक्य येईपर्यंत सतरंजीवर कुणी हलत नसे. आता आपल्या पॅकमधला शेरखान ऐका. प्रत्येक वाक्य एकाच वेगात, एकाच पट्टीत, खणखणीत आणि निर्जीव. त्याला मोगलीला खायचंय की त्याची माहिती भरून घ्यायचीय, हेच कळत नाही. बघीरा आणि 'का' अजगर यांचे आवाज तर एकाच माणसाने घसा बदलून काढले असावेत असा मला संशय आहे. त्या कलाकारावर माझा राग नाही. त्याला एका दिवसात किती भाग उरकायला लावले असतील, ते आपल्यालाच ठाऊक.

शीर्षकगीताचं तर नावच नको. गुलजारांनी लिहिलेलं आणि विशाल भारद्वाजांनी चाल लावलेलं ते गाणं या मालिकेचा अर्धा जीव आहे. फुलाला चड्डी घालून उमलायला लावणारा कवी पोरांना पुन्हा कधी मिळाला नाही. आपल्या पॅकमध्ये त्या जागी सिंथेसायझरची कसलीतरी धून आहे आणि तीही सुरू होताच 'सुरुवात वगळा' असं बटण येतं. वगळायला उरलंय काय? त्यात कहर म्हणजे, आपल्या जाहिरातीत मात्र त्याच गाण्याच्या चालीवर शिट्टी वाजते. म्हणजे माल विकताना गाणं वापरायचं आणि पैसे घेतल्यावर काढून घ्यायचं. जाहिरातीची चित्रफीत मी जपून ठेवली आहे, पुढे लागेल म्हणून.

आपल्या प्रतिनिधींनी यावर दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, 'मूळ आवाज' हा खरंतर जपानी, त्यामुळे हिंदीतला कुठलाच आवाज मूळ म्हणता येत नाही. युक्तिवाद हुशारीचा आहे, मान्य करतो. पण जाहिरातीत 'दूरदर्शनवर ऐकलेला' हे शब्द आपणच छापलेत. दूरदर्शनवर मी जपानी ऐकलेलं नाही. दुसरी गोष्ट अशी की, इतकी जुनी सामग्री आता कुणाकडे राहिलेली नसते. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने हीच मालिका पुन्हा दाखवली, ती कुठून आणली? हक्क मिळाले नसतील किंवा महाग पडले असतील, तर तसं सरळ सांगा. धंद्यात होतं असं. मग जाहिरातही तशीच करा : 'मोगली, नव्या आवाजात.' मी पॅक घेतला नसता, पण तक्रारही केली नसती.

आता चित्राकडे वळतो. या बाबतीत आपल्या माणसांनी मला दिलेला सल्ला फार गमतीचा होता : 'सर, आपल्या टीव्हीची सेटिंग तपासा.'

महोदय, सांगलीत आमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. शटरच्या टीव्हीपासून आजच्या पॅनेलपर्यंत सगळं आमच्या टेबलावर उघडून झालंय. नव्वदीत आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी इतर कुठल्याही दिवसापेक्षा जास्त गर्दी असायची. सायकलच्या कॅरिअरवर सुतळीने बांधून, चादरीत गुंडाळून लोक संच घेऊन यायचे. 'काका, उद्या सकाळपर्यंत काहीही करून चालू करा, पोरगं रडतंय,' असं मोठी माणसं माझ्या वडिलांना विनवायची. कुणाच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या, कुणाचं चित्र गरागरा वर सरकतंय, कुणाचा बूस्टर पावसात गेलेला. वडील रात्री उशिरापर्यंत सोल्डरिंग करत बसायचे. एखादा संच वेळेत झालाच नाही, तर त्या घरची पोरं रविवारी आमच्याकडेच येऊन बसायची. तेव्हा सेटिंग मी तपासली आहे. टीव्ही ठीक आहे. कात्री आपल्याकडे चालली आहे.

ती कशी, ते सांगतो, म्हणजे हे पत्र आपल्या तांत्रिक विभागाकडे गेलं तर त्यांनाही उपयोग होईल. जुन्या पिक्चर ट्यूबचा पडदा चारास तीन या प्रमाणात असायचा आणि त्या काळच्या कार्यक्रमांचं चित्रही त्याच मापाचं. आजचे पडदे सोळास नऊ. जुनं चित्र नव्या पडद्यावर नीट दाखवायचं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. येऊ द्याव्यात, कुणी मरत नाही. पण पट्ट्या दिसायला नकोत म्हणून चित्र मोठं करून पडद्याच्या रुंदीएवढं बसवलं, की वरचा आणि खालचा भाग मिळून 25 टक्के चित्र बाहेर जातं. पाव हिस्सा! किलोभर साखरेच्या पुडीतून पाव किलो काढून घेतली, तर वैधमापनवाले दुकानाला नोटीस देतात.

मोगलीत डोक्यावरचं झाड गेलं तर एकवेळ चालेल. 'टॉम अँड जेरी'मध्ये काय होतं ते बघा. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी 1940 ते 1958 या काळात एमजीएम या स्टुडिओसाठी केलेली ती कार्टून्स, सात ऑस्कर मिळवलेली. त्यांची सगळी रचनाच उभी आहे. वर टॉमचं डोकं, खाली जमिनीलगत जेरी. उंदराचं बीळ भिंतीच्या तळाशी असतं, माळ्यावर नाही. चित्राचा तळ कापला की उंदीर गेला. टॉम काहीतरी बघून किंचाळतोय, पण कशामुळे ते दिसत नाही, आणि पोरं माझ्याकडे बघतात. त्या घराच्या बाईचे तर चित्रात मुळातच फक्त पाय दिसायचे. आपण पायातल्या चपलाही कापल्यात. आता नुसता झगा खोलीभर फिरतो.

याहून मोठी मौज पुढे आहे. यातली पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातली काही चित्रं थिएटरच्या रुंद पडद्यासाठी, सिनेमास्कोपमध्ये काढलेली होती. ती आजच्या टीव्हीपेक्षाही रुंद आहेत. आपण त्यांच्या डाव्या-उजव्या बाजू छाटल्यात. उंच चित्र आलं तर वरून-खालून कापायचं, रुंद आलं तर बाजूंनी कापायचं. पडदा भरला म्हणजे काम झालं, एवढाच हिशेब दिसतो. आणि त्यांचा संगीतकार स्कॉट ब्रॅडलीने ज्या पावलांच्या ठेक्यावर वाद्यवृंद बेतला, ती पावलंच दिसत नाहीत. संगीत धावतंय आणि पडद्यावर कुणीच धावत नाही.

'एक चिडिया, अनेक चिडिया' आपण पॅकमध्ये घेतलीत, हे पाहून आधी बरं वाटलं. त्या छोट्या चित्रपटाचं नाव 'एक अनेक और एकता', साल 1974, निर्मिती फिल्म्स डिव्हिजनची. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं, आणि त्यातला कोवळा आवाज तेव्हा लहान असलेल्या साधना सरगम यांचा, ज्यांचा जन्म आपल्या दाभोळचा. दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मधे ती केव्हाही लागायची आणि हातातलं काम सोडून सगळी धावत यायची. आपल्या अ‍ॅपवर तिच्याखाली लिहिलंय : 'पारंपरिक बालगीत. कलाकार : अज्ञात.' सुरुवातीची नामावली कापून टाकली, की कलाकार अज्ञातच राहणार. हे दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत, हक्कही लागत नाहीत. एका माणसाची पाच मिनिटं लागतील. ती कृपया आजच काढावीत.

'डकटेल्स' आणि 'टेलस्पिन' या डिस्नेच्या मालिका आपल्याकडे नाहीत. त्यांचं नाव जाहिरातीतही नव्हतं, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. (टेलस्पिनमधला शेरखान सुटाबुटातला उद्योगपती होता. मोगलीच्या शेरखानाला घाबरणाऱ्या आमच्या पिढीला ते पचायला वेळ लागला. असो.)

माझ्या मुलीला आपला पॅक आवडतो, हेही लपवत नाही. तिला नवा शेरखान चालतो, कारण जुना तिने ऐकलेलाच नाही. तिच्यासाठी स्वतंत्र पॅक काढा, त्याला 'नवा मोगली' म्हणा आणि खुशाल विका. पण 'जसंच्या तसं' हे शब्द तिच्यासाठी लिहिलेले नव्हते. ते माझ्या वयाच्या माणसाच्या खिशाकडे बघून लिहिले होते, आणि त्या शब्दांवर विसंबूनच मी पैसे भरले.

तेव्हा माझं म्हणणं असं. जाहिरातीप्रमाणे जुना हिंदी आवाज आणि शीर्षकगीत द्यावं, आणि चित्र त्याच्या मूळ मापात दाखवावं, निदान तसा पर्याय तरी ठेवावा. ते जमत नसेल तर पूर्ण 999 रुपये परत करावेत. 'उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात' मला मान्य नाही, कारण गेलेल्या महिन्यांतही मागितलेला माल मिळालेला नव्हता. ती जाहिरात मागे घ्यावी. आणि पुढच्या वर्षीचे पैसे आपोआप कापून घेण्याची सोय बंद करण्याचं बटण जे 'माझं खाते', मग 'अधिक', मग 'इतर' याच्याही पोटात दडवलंय, ते बाहेर आणावं. अशा लपवाछपवीविरुद्ध केंद्र सरकारने 2023 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत.

ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे आपल्याला तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करावं लागतं. ते झालं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि मग सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तक्रार दाखल करीन. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या गावात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हे आपल्या विधी विभागाला ठाऊक असेलच. आयोगाचं कार्यालय माझ्या दुकानापासून लांब नाही.

सोबत पावतीची प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि कापलेल्या चित्राचे फोटो जोडले आहेत. एका फोटोत फक्त टॉम दिसतो. जेरी कुठे आहे, ते आपल्या तांत्रिक विभागाने दाखवून द्यावं.

उत्तर लेखी पाठवावं, चॅटवर नको. हसरा चेहराही नको.

कळावे,
आपला,
एक वर्गणीदार, सांगली
(नाव आणि ग्राहक क्रमांक पावतीवर आहे.)