सर्जाचा रफार

लातूर,
महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दुसरा दिवस

प्रिय दिग्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी पंगतीत पुरणपोळ्या वाढत होतो, म्हणून घाईत ठेवला. आता निवांत लिहितो. निवांत म्हणजे सक्तीनं निवांत. तीन दिवस झाले, वरच्या पत्र्याच्या खोलीला कुलूप आहे आणि किल्ली मायच्या कनवटीला. "माहेरवाशिणी घरात असताना चामड्याचा धूर काढलास तर बघ," असं तिनं आधीच बजावलंय. आज संध्याकाळी महालक्ष्म्या उठल्या की किल्ली मिळेल. तोवर कागद-पेन.

तू विचारलंस, कातड्यावर नाव कोरायला लेझरचं मशीन दहा वॅटचं घेऊ की वीसचं. वॅटवर येतो. पण त्याआधी कातड्याचं ऐक, कारण माझी पहिली फजिती तिथंच झाली.

मशीन घरी आलं त्याच आठवड्यात मी ऑनलाइन एक तपकिरी ताव मागवला. वर ठसठशीत छापलेलं, शंभर टक्के लेदर. वास कातड्याचा, मागून मऊ लव. मी खूश. सहज म्हणून गंजगोलाईत मामांना दाखवायला नेला. मामा आठवतात ना? त्या सोळा रस्त्यांपैकी चपलांच्या रस्त्यावर बसतात, दहावीत तुझ्या दप्तराचा बंद त्यांनीच शिवला होता. त्यांनी तावाचा कोपरा दोन बोटांत धरला, रापीनं एक तिरका काप घेतला, कडेकडं बघितलं आणि ताव माझ्या मांडीवर टाकून दिला. "सर, हे कापड हाय. वरून लेप दिलाय."

मी फिजिक्स शिकवणारा माणूस, मला एवढ्यावर कसं पटणार! घरी येऊन तांब्याची तार सांडशीत धरून गॅसवर लालभडक केली, तावाला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार झाली, दिवाळीतल्या रंगीत काड्यांसारखी. म्हणजे क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी, म्हणजे आपलं साधं रेक्झिन. त्याच्यावर लेझर मारला असता तर हायड्रोजन क्लोराईड वायू सुटला असता. तो नाकातल्या, घशातल्या ओलाव्याशी मिळाला की त्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. फुप्फुसं तर जळतातच, मशीनच्या लोखंडालाही गंज चढतो. मामांना रापीच्या एका कापात जे कळलं त्यासाठी मला तार, गॅस आणि बी.एस्सी. लागली. विकणाऱ्यानं ताव परत घेतला नाही. तो आता माझ्या स्कूटरच्या सीटवर आहे, आणि खरं सांगू, तिथं शोभतो.

खऱ्या कातड्यातही दोन जाती. एक क्रोमनं कमावलेलं. ते मऊ, स्वस्त आणि दिवस-दोन दिवसांत तयार. बाजारातल्या पर्सा, बुटांची वरची बाजू, बहुतेक सगळं हेच. कापलं की आत बऱ्याचदा निळसर-राखाडी झाक दिसते. दुसरं झाडपाल्यानं कमावलेलं. आपल्या बांधावर पिवळ्या फुलांचं तरवड माजलेलं असतं बघ, शेरडंही ज्याला फारशी तोंड लावत नाहीत. त्या तरवडाची साल, बाभळीची साल, हिरडा, यांतल्या टॅनिनवर कातडं आठवडेच्या आठवडे मुरवतात. कोल्हापुरी चपलेचं कातडं असंच बाभूळ-हिरड्यावर कमावतात. लेझरला हेच हवं. याच्यावर अक्षर गडद तपकिरी, स्वच्छ उमटतं. क्रोमच्या कातड्यावर राखाडी चिकट काहीतरी उमटतं. वर उष्णतेनं त्यातल्या क्रोमियमचं षट्संयुजी क्रोमियम होऊ शकतं, आणि ते विषारी. मी क्रोमला लेझर लावत नाही. लावणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याशी भांडायला मला वेळ नाही.

आता वॅट. घरगुती मशिनं बहुतेक डायोडची, निळ्या प्रकाशाची, साधारण 450 नॅनोमीटरची. दुसरा प्रकार कार्बन डायऑक्साईडच्या नळीचा, 10,600 नॅनोमीटर, डोळ्यांना दिसतच नाही. तो कातडं सुरीसारखं कापतो, पण त्याच्या काचेच्या नळीभोवती सतत थंड पाणी खेळवावं लागतं. ज्या गावानं 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलं त्या गावात मे महिन्यात लेझरला गार पाणी पाजायचं, हे मला झेपलं नाही. म्हणून डायोड. नाव कोरायला दहा वॅट भरपूर झाले. फक्त जाहिरातीतला आकडा कुठला ते बघून घे. काही जण मशीन किती वीज ओढतं तो आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. तुला बघायचाय तो प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा, म्हणजे ऑप्टिकल आउटपुटचा.

आणि मशीनबरोबर फुकट येतो त्या चष्म्यावर भरवसा ठेवू नकोस. 450 नॅनोमीटर आणि ओडी (काच तो प्रकाश किती अडवते त्याचा आकडा) 4 किंवा वर, असं स्पष्ट लिहिलेला वेगळा घे. हा खेळण्यातला लेझर नाही, कशावरून उडालेला किरणसुद्धा डोळा घालवू शकतो. मशीन चालू असताना मी खोली सोडत नाही आणि पोरांना दारातही उभं राहू देत नाही. बाकी एक्झॉस्ट पंखा आणि हाताशी पाण्याची बादली, बस्स.

पहिलं अक्षर कोरलं तो दिवस विसरणार नाही. धूर थोडाच होता, पण वास! तो खाली स्वयंपाकघरात पोचला आणि माय जिन्याखालून ओरडली, "कुणाचा बैल डागायलास रे वर?" अगदी तोच वास, दिग्या. आपल्या लहानपणी बैल लंगडायला लागला की लोखंडी सळई तापवून डाग द्यायचे, आणि आपण गोठ्यामागं कान झाकून उभे राहायचो, तो. धंदा कितीही नव्या मशीनचा असो, कातडं जळतं जुन्याच रीतीनं.

आकडे मागितलेस म्हणून माझे देतो. तुझ्या मशीनवर ते जसेच्या तसे चालणार नाहीत. कोरायला वेग मिनिटाला 3,000 मिलिमीटर, ताकद 25 टक्के, दोन रेघांतलं अंतर 0.1 मिलिमीटर. त्या हिशेबानं 60 बाय 25 मिलिमीटरचं नाव पाच-सहा मिनिटांत होतं. प्रत्येक नव्या कातड्याच्या कातरणावर आधी चौकटी काढून बघ, आडव्या ओळींत वेग बदलत जा, उभ्या ओळींत ताकद. माझ्याकडं अशा डागलेल्या तुकड्यांची डबाभर खेळणी झालीत. कातडं आधी ओल्या फडक्यानं दमट कर आणि वर कागदी चिकटपट्टी लाव, म्हणजे काजळी आजूबाजूला पसरत नाही. आचेनं कातडं कडेला वाकडं होतं आणि फोकस बिघडतो, म्हणून चारी कोपऱ्यांवर चुंबक ठेवतो. लाइट गेली की अर्धं नाव गेलंच म्हणून समज, कारण मशीनला आपण कुठवर आलो होतो ते आठवत नाही. ते इन्व्हर्टरवर टाक, फार वीज खात नाही.

पण सगळ्यात जास्त मला छळलं ते मराठीनं. पोळ्यासाठी सर्जा-राजाच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे करायचे ठरवले होते. मशीनबरोबरच्या सॉफ्टवेअरात "सर्जा" टाइप केलं, तर पडद्यावर र सुटा, त्याचा पाय मोडलेला आणि जा शेजारी बापुडा उभा. रफार गायब. मी फाँट बदलले, सेटिंग बदललं, शेवटी बायको म्हणाली, बैलाचंच नाव बदला आता. तोड निघाली ती अशी: नाव आधी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरात लिहायचं, तिथं जोडाक्षरं नीट जुळतात. मग त्या अक्षरांचं रेषांच्या आकारात रूपांतर करायचं आणि तो आकार मशीनला द्यायचा. मशीनला मग ते अक्षर आहे की कोंबडी आहे, काही देणं-घेणं नसतं, समोर आलेली रेघ ते जाळत जातं. तुला "प्रज्ञा" कोरायचंय म्हणालास, तेव्हा हे लिहून ठेव. आणि फाँट जरा जाड घे. बारीक अक्षरांच्या आतली पोटं जळून भरून येतात आणि ष कुठला आणि प कुठला ते कळत नाही.

पट्ट्याची भोकंसुद्धा मी लेझरनंच पाडली होती. चार-चार मिलिमीटरवर, एका रांगेत, बघत राहावी अशी. मोठ्या तोऱ्यात मामांकडं शिवायला नेली. मामांनी पट्टा उजेडात धरला. "भोकं झ्याक पाडलीत सर. पण ही मिटत न्हाईत." मला कळेना. मग त्यांनी कडेच्या एका तुकड्यात आरी खुपसली, काढली आणि माझ्या हातात दिला. भोक जवळजवळ दिसतच नव्हतं. आरी कातड्याला नुसती चीर देते, ती चीर दोऱ्याभोवती परत आवळते. लेझरनं तेवढं कातडं जाळून नेलेलं असतं. गोल भोक उघडंच राहतं आणि दोरा त्यात खेळत राहतो, खेळता खेळता झिजतो. मेण लावलेल्या दोन सुया समोरासमोरून घालून त्यांनी माझ्या देखत वीतभर शिवण घातली. मी मोजत होतो, टाके माझ्या भोकांइतकेच सारखे होते. पट्टी लावली नव्हती, खूण केली नव्हती.

त्या दिवसापासून मी कापणं आणि भोकं दोन्ही लेझरवरून काढून टाकलं. लेझरनं कापलेली कड काळी कोळसा होते, हाताला लागते, घासूनही नीट चमकत नाही. आता बाहेरची कड रापीनं कापतो. पहिले दोन महिने वाकडी कापली, आता जरा कमी वाकडी. लेझरकडं फक्त नाव आणि नक्षी.

शिवण चालू असताना मामा एक बोलले, ते कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगतो. म्हणाले, "तुमी केलं की छंद म्हणतेत सर. माझं पोरगं पुण्याला कंपनीत हाय, ते म्हणतंय, बाबा, तुमी काय करता ते इथं कुणाला सांगू नका." रागानं नाही, हवा-पाणी सांगावं तसं म्हणाले. आपल्या गावात मोटा कोण शिवायचं, पायताणं कोण द्यायचं, आणि सुगीला बलुतं घ्यायला आले की ते कुठं उभे राहायचे, हे तू आणि मी दोघांनी बघितलंय. मी काही बोललो नाही. चहा सांगितला, तो दोघांनी पायरीवर बसून घेतला. शिवणीचे पैसे त्यांनी सांगितले तेवढे दिले. ते कमी सांगत होते, हे मला नंतर घरी आल्यावर कळलं. पुढच्या खेपेला तो फरक बाकी लावायचाय.

तर पोळा. म्हशीचं चार मिलिमीटर जाडीचं कातडं, त्यावर एका पट्ट्यात सर्जा, दुसऱ्यात राजा, दोन्ही बाजूंना मी पैठणीवरून उतरवलेला एकेक मोर. फिकट बदामी कातड्यावर गडद अक्षरं. फोटो तुला पाठवला होता, तू अंगठा दाखवून मोकळा झालास. खांदेमळणीच्या दिवशी गावी नेले. अण्णांनी हातात घेऊन उलटेसुलटे केले, शिवण ओढून बघितली, "मामाची हाय का?" म्हणाले. अक्षराबद्दल चकार शब्द नाही. मी बैलांना पाणी दाखवून येईपर्यंत त्यांनी करडीच्या तेलाची वाटी घेऊन दोन्ही पट्टे पुढून-मागून चोपडून टाकले होते. पिढ्यान्‌पिढ्या म्होरकीला, चाबकाला लावतात तसं, अंगठ्यानं दाबून दाबून. झाडपाल्याचं कातडं तेल पितं आणि काळवंडतं, हे मला पुस्तकात माहीत होतं. डोळ्यांसमोर बदामी रंग तपकिरी झाला, तपकिरीचा काळपट झाला, आणि त्यात माझा सर्जा बुडाला, रफारासकट. आता उन्हाला तिरका धरला तरच दिसतो.

मी म्हणालो, "अण्णा, नाव गेलं की!"

ते म्हणाले, "चामडं कोरडं ठेवत नसतेत. आन्‌ बैल कोणता ते मला कळतंय की, मला काय वाचायचंय?"

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारापुढं बैल निघाले तेव्हा पट्ट्यांवर झुली आल्या, गोंडे आले, अर्ध्या गावानं गुलाल उधळला. गावात बैलजोड्याच आता मोजक्या राहिल्यात, बाकी सगळ्यांनी ट्रॅक्टरला हार घातले. अक्षर कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. घुंगरं मात्र छान वाजली.

तर तुझ्यासाठी: वस्तू तेल लागणारी असेल तर कातरणाला आधी तेल लावून, ते मुरू देऊन, मग बघ किती खोल कोरायचं ते. मी पुढच्या पोळ्याला ताकद वाढवून अक्षर खोल घेणार आहे, अण्णांच्या अंगठ्याला तरी लागलं पाहिजे.

मशीन दिवाळीपर्यंत घेऊ नकोस. दिवाळीत इकडं ये, चार दिवस माझ्याच मशीनवर हात साफ कर. रापी आणि आरी मात्र आधी घेऊ, मी मामांना दोन सांगून ठेवतो. प्रज्ञाची पर्स इथंच करू, कातडं आहे माझ्याकडं. आणि तुझ्या कमरेचं माप पाठव, पट्टा करून ठेवतो. खरं माप पाठव, लग्नातलं नको.

माय जिन्यात हाका मारतेय, महालक्ष्म्यांना निरोप द्यायची वेळ झाली. वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
सुध्या