चार नंबरच्या दोन सुया

सिन्योरा,

काल संध्याकाळी तुम्ही दार वाजवलंत आणि कागदी रुमालात गुंडाळलेला एक वाळका तुकडा माझ्या हातावर ठेवलात. काल 3 फेब्रुवारी, सान ब्याजो या संताचा दिवस. पानेत्तोने म्हणजे इथला नाताळचा उंच, गोड, बेदाणे घातलेला पावासारखा केक; नाताळात राखून ठेवलेला त्याचा शिळा तुकडा या दिवशी खायचा, म्हणजे वर्षभर घसा धरत नाही, अशी मिलानची समजूत. "सान ब्यास एल बेनेदीस ला गोला ए एल नास," सान ब्याजो घसा आणि नाक राखो, असं तुमच्या मिलानी बोलीत म्हणालात आणि आधी माझ्या घशाकडे, मग नाकाकडे बोट केलंत. तुकड्याचा दगड झाला होता. चघळता चघळता मी तो ओळखला. त्यातले बेदाणे तासगावचे होते.

म्हणजे नाताळात तुमच्या टेबलावर मुलीने आणलेला होता, भाच्याने पाठवलेला होता, आणि सान ब्याजोसाठी तुम्ही राखलात तो माझा! मी "ग्रात्सिए" म्हणेपर्यंत तुम्ही नेहमीसारखा हात झटकलात, "मा फिगूरति", त्यात काय एवढं, आणि जिना उतरूनसुद्धा गेलात. म्हणून हे पत्र मराठीत लिहितेय. तुम्हाला वाचता येणार नाही, पण मधेच तोडताही येणार नाही.

सगळं सुरू झालं ते माझ्या लेकामुळे. आठ वर्षांचा. सुट्टीआधी शाळेत प्रत्येकाने घरचं काहीतरी आणायचं होतं आणि हा वर्गात सांगून मोकळा झाला, "आमच्याकडून पानेत्तोने. आई घरी करते." आईने जन्मात केला नव्हता. मी सांगलीची. करंजीचं सारण डोळे मिटून करीन, पण भट्टीतलं जे काही ते बेकरीतून आणायचं, हा आमच्याकडचा रिवाज. त्याला रागवावं म्हटलं, तर कळलं की वर्गात कोणीतरी त्याला म्हणालं होतं, तुमच्याकडे नाताळ नसतोच ना? मग काय रागवणार.

मी आपला शहाणपणा करून शनिवार-रविवारचा वर्ग लावला. नाव घेत नाही, पैसे गेले ते गेले. पांढऱ्या कोटातल्या मास्तरांनी पहिला तासभर कायदा शिकवला. 2005 च्या सरकारी फर्मानानुसार पानेत्तोने म्हणवून घ्यायचं तर लोणी किमान 16 टक्के, बेदाणे आणि साखरेत मुरवलेल्या साली मिळून किमान 20 टक्के. ऐकायला छान वाटलं. पीठ मात्र आधीच मळून फुगवून ठेवलेलं. आम्ही ते कागदी साच्यांत घातलं, फोटो काढले. पुढचं भाजणं, टांगणं सगळं मागच्या खोलीत त्यांच्या माणसांनी उरकलं. घरी केलेला माझा पहिला मधोमध बसला. दुसरा असा आंबला की नवऱ्याने विचारलं, ढोकळा आहे का? मास्तरांना फोन केला. ते गोड आवाजात म्हणाले, "सिन्योरा, हे हातात असावं लागतं. तुम्ही तिरामिसू करून बघा."

आमच्या मराठी मंडळींनी तर विषयच मिटवला. "अगं, सुपरमार्केटात पाच युरोला मिळतो." मिळतो की. डिसेंबरात गिऱ्हाईक ओढायला दुकानवाले तो जवळजवळ फुकट वाटतात. आणि वर सगळ्यांचं एकच शेपूट, "काही लागलं तर सांग हं." मी सांगितलं होतं, तेच तर!

तिसरा घेऊन मी रात्री खाली अंगणात गेले, ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यापाशी. नेमक्या तुम्ही बटाट्याच्या साली घेऊन आलात. तीन वर्षं एका जिन्यात राहून आपल्यात बुओनजोर्नो आणि बुओनासेरापलीकडे शब्द नव्हता. तुम्ही डब्यात हात घातलात, माझ्या पानेत्तोनेचा लचका तोडून नाकाला लावलात. "आंबट." मग मला लाडाने म्हणालात, "कारा, तू याच्या आईला आंघोळ घालतेस का?"

मला वाटलं, माझं इटालियन कमी पडतंय.

आई म्हणजे लिएवितो माद्रे, पिठातच जिवंत ठेवलेलं खमीर. तुमच्याकडे ते फडक्यात घट्ट गुंडाळून, वर सुतळीचे वेढे देऊन ठेवलेलं होतं. श्रीखंडाचा चक्का टांगावा तसं दिसत होतं, फक्त आतून फुगून दगडासारखं टणक. ते आंबट झालं की आतला गाभा कापून, चिमूटभर साखर घातलेल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं सोडायचं. आंबटपणा राहिला तर पिठाचा ताणच तुटतो, मग एवढं लोणी आणि एवढे बलक कोण उचलणार? माझा कशाने बसला ते त्या रात्री तुमच्या ओट्यापाशी कळलं, तेही फुकट. निघताना तुम्ही त्यातला अर्धा गोळा वाडग्यात घालून दिलात, जसं सांगलीत शेजारीण विरजण देते. देताना आमच्याकडे कुणी विचारत नाही, दही लागेल का, तुझ्या हाताला येतं का. वाटी पुढे करतात.

पुढचा आठवडा सांगत बसत नाही. दर तीन-चार तासांनी पिठाला जेवू घालणं, रात्री उठून ते किती वर आलं ते बघणं. बाळंतपण परवडलं.

आणि मग तो गुरुवार. शुक्रवारी सकाळी शाळा. पावणेअकराला भट्टीतून निघाला तेव्हा माझा विश्वास बसेना. उंच, तांबूस, वर चिरलेल्या चौकटीवर लोण्याचा डाग चमकतोय. पण गरम असताना त्याच्या जाळीला स्वतःचंच वजन पेलवत नाही, तो पुरता निवेपर्यंत उलटा टांगावा लागतो, नाहीतर दहा मिनिटांत मधे खड्डा. एवढं मला माहीत होतं. बुडापाशी आरपार खुपसायला बांबूच्या काड्याही आणल्या होत्या. पहिली घातली आणि उलटा करायला गेले तर काडी कट्‌कन मोडली. दुसरीही.

भट्टीतून काढलास की कळव, असं तुम्ही बजावलं होतं. मी फोनवर काय बोलले आठवत नाही, रडत होते बहुतेक. तुम्ही सपाता फटफटवत वर आलात, मोडकी काडी बघितलीत आणि एक अक्षर न बोलता वळून खाली निघून गेलात. मला वाटलं, संपलं. मिनिटभरात परत आलात ते हातात चार नंबरच्या विणकामाच्या दोन सुया घेऊन. धापा टाकत. सुया धुतल्यात, पुसल्यात, कागदातून सपकन आरपार घातल्यात. "पकड. आता. उलट!" आमचे पोह्यांचे आणि चुरमुऱ्यांचे स्टीलचे दोन डबे शेजारी शेजारी ठेवून मधे तो टांगला. तसाच राहिला. खाली आला नाही. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि आपण दोघी गप्प राहून त्याच्याकडे बघत होतो. सकाळी लेक उठला आणि ओरडला, "आई, वटवाघूळ!"

शाळेत काय झालं ते राहू दे. डबा रिकामा आला.

दुपारी तुमचं वाडगं परत द्यायला खाली आले तेव्हा सोफ्यावर ते दिसलं. निळ्या लोकरीची पाठ, खांद्यापर्यंत विणलेली, आणि वरची अख्खी ओळ उघडी. सुईवरून मोकळे सोडलेले टाके, एकाशेजारी एक, नुसते फास. त्यातले चार-पाच शिडीसारखे पार खाली घसरत गेलेले. माझी आई विणते, सिन्योरा. शंभरेक टाके हातातून असे सोडून देणं म्हणजे काय ते मला कळतं. घरात एक टाका सुटला तरी दिवा जवळ घेऊन ती अर्धा तास शोधायची. मी विचारलं, दुसऱ्या सुया नव्हत्या का? "होत्या ना, कपाटावर," म्हणालात, "पण स्टूल आणावं लागलं असतं."

बास. एवढंच बोललात. नंतर कॉफी.

त्या पांढऱ्या कोटाचा मला आता रागही येत नाही. त्याला खरंच वाटत असेल की हे हातात असावं लागतं. पण काही माणसं अशी असतात की दुसऱ्याचं बिघडतंय हे दिसलं की हातातलं काम कुठे टाकलं हेसुद्धा त्यांच्या लक्षात राहत नाही. आमच्या गल्लीतही एक काकू होत्या, गॅसवरची पोळी तशीच टाकून धावायच्या. त्यांच्या घरी कायम करपलेला वास यायचा आणि आम्ही पोरं त्यावरून हसायचो. आज तो वास आठवतोय.

नाताळात मी पुन्हा केला, त्याच सुयांवर टांगला आणि चतकोर तुमच्याकडे पाठवला. बेदाणे तुम्ही ओंजळीत घेऊन हुंगले होतेत. तासगाव कुठे ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरमागे नकाशा काढून दाखवलं, तुम्ही म्हणालात, फार लांबून आलेत बिचारे. लेकाने मात्र नेहमीप्रमाणे सगळे वेचून ताटाच्या कडेला लावले. अशांसाठीच वेरोनाच्या लोकांनी पान्दोरो काढला, असं तुमचं मत. त्यात बेदाणे नाहीत, साली नाहीत. मेलेगात्ती नावाच्या हलवायाने 1894 मध्ये त्याचं पेटंटही घेतलं होतं. तुम्ही ते "वेरोनावाले" अशा सुरात सांगितलंत की आमच्याकडे कोल्हापूरकर मिसळीवरून पुणेकरांबद्दल बोलतात ते आठवलं.

मी तुम्हाला नव्या सुयांची जोडी आणून दिली. ती तुम्ही खणात ठेवलीत. जुन्यांवर साखर चिकटून तपकिरी कडं बसलंय, घासून जात नाही. त्या परत द्यायला आले तर घेतल्या नाहीत.

"राहू देत," म्हणालात. "ईस्टरला कोलोम्बा केक करायचाय ना? तोही उलटाच टांगतात."

तुमची,
वरच्या मजल्यावरची