प्रेसचे चाक कुणाच्या हाती? उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शासकीय कला महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांच्या कार्यशाळा दृश्यकलावंतांना वापरू देण्याबाबत.

महोदय,

कलावंतांची गाऱ्हाणी बहुधा सांस्कृतिक कार्य विभागाकडे जातात. मी मुद्दाम आपल्याला लिहीत आहे, कारण कला संचालनालय आपल्या विभागाच्या अखत्यारीत येते आणि मला पुरस्कार, मानधन किंवा प्रदर्शनाचे दालन यांपैकी काहीही मागायचे नाही. माझे म्हणणे जागा आणि यंत्रे यांच्यापुरते आहे.

मी कोल्हापुरात राहतो आणि मुद्राचित्रणाचे, म्हणजे पत्र्यावर कोरलेल्या चित्राचे छाप कागदावर घेण्याचे, काम करतो. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यातून सुईने रेखाटन करायचे, पत्रा नायट्रिक आम्लाच्या पातळ द्रावणात सोडायचा, पिसाने बुडबुडे बाजूला सारत रेष किती खोल खाल्ली गेली ते पाहत राहायचे, मग रेषांमध्ये शाई भरून वरची शाई आधी जाळीच्या कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसायची, भिजवून टिपलेला कागद पत्र्यावर ठेवायचा आणि फेल्टचे (जाड लोकरी कापडाचे) थर घालून प्रेसचे, म्हणजे छापयंत्राचे, चाक फिरवायचे, असे हे काम आहे. चाक फिरवताना हाताला जो दाब जाणवतो, त्यावरूनच छाप कसा उतरणार हे कळते. चाकाच्या आधीचे सगळे मी घराच्या गच्चीवर करतो. चाक मात्र माझ्याकडे नाही. शिक्षण संपले त्या दिवशी महाविद्यालयातला प्रेस मला परका झाला, आणि तेव्हापासून मी पत्रे जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीने पुण्याला नेतो, एका मित्राच्या स्टुडिओत दोन दिवस बसून छापतो आणि परत येतो. छाप बिघडला तर तो दुरुस्त करायला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते.

ही अडचण आज एकट्या मुद्राचित्रकाराची राहिलेली नाही, कारण आमच्या पिढीचे काम एका माध्यमात मावत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते कोळशाच्या कांडीने अख्ख्या भिंतीवर खाणकामगारांचे जग उभे करतात आणि त्याच्या जोडीला शिल्पही ठेवतात. शकुंतला कुलकर्णी यांनी बाईच्या देहासाठी वेताची चिलखते विणून घेतली, ती स्वतः अंगावर घातली आणि त्यांची छायाचित्रे हाही त्या कलाकृतीचा भाग झाला. अशा कामाला एका टप्प्यावर सुतारकाम लागते, दुसऱ्या टप्प्यावर वेल्डिंग किंवा शिलाई लागते, आणि एखादा भाग भट्टीतून काढावा लागतो. एका कलावंताने ही सगळी साधने विकत घेणे शक्य नाही, आणि वर्षातून पंधरा दिवस वापरायच्या यंत्रासाठी तशी गरजही नाही.

माध्यमांची ही सरमिसळ परदेशातून उचललेली फॅशन आहे असे कुणी म्हणाले, तर मी त्यांना माझ्या गावाचा दाखला देईन. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत, पुतळे घडवत, आणि चित्रपट काढायचा म्हटल्यावर त्यांनी कॅमेराही इथेच तयार केला. त्यांचा ‘सैरंध्री’ 1920 साली पडद्यावर आला. त्याच्याही आधी राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला होता, जो पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि त्यातून निघालेल्या देवदेवतांच्या तसबिरी आजही कितीतरी घरांच्या देवघरात आहेत. या दोघांपाशी चित्रकाराचा हात होता तसेच हाताशी यंत्रही होते.

ज्या उदाहरणाकडे मला आपले विशेष लक्ष वेधायचे आहे ते 1969 सालचे आहे. चित्रकार अकबर पदमसी यांना तेव्हा जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्ती मिळाली होती. ती त्यांनी स्वतःच्या चित्रांपुरती ठेवली नाही. मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ नावाची कार्यशाळा त्यांनी सुरू केली, तिथे कॅमेरा आणि डार्करूमची सोय केली, आणि चित्रकार व चित्रपटकार यांना एका छताखाली आणले. ती काही थोडी वर्षेच चालली. पण सर ज. जी. कला महाविद्यालयात चित्रकला शिकलेल्या नलिनी मलानी यांनी तिथे कॅमेऱ्याविना छायाचित्रे केली, आपले पहिले लघुपट केले, आणि त्या वाटेने पुढे जात फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवर चित्रे रंगवून त्यांच्या सावल्यांची नाट्ये उभी केली. 2019 मध्ये त्यांना जोआन मिरो पुरस्कार मिळाला. एका चित्रकाराच्या शिष्यवृत्तीतून उभ्या राहिलेल्या एका खोलीचा हा पल्ला आहे.

सरकारी व्यवस्थेतही हे घडलेले आहे. प्रभाकर बरवे यांनी विणकर सेवा केंद्रात आधी वाराणसीला आणि नंतर मुंबईत नोकरी केली. ते केंद्र हातमागाच्या कापडासाठी होते, तरी तिथे रोज हाताखालून जाणारे नमुने, धागे आणि रंग यांच्या सहवासात असलेला हा चित्रकार पुढे कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरून संपूर्ण स्वतःची अशी भाषा घडवू शकला. त्या नोकरीचा त्यांच्या चित्रांशी संबंध नाही असे मला कधीच वाटलेले नाही.

आता प्रत्यक्ष मागणीकडे येतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय कला शिक्षणसंस्थांमधले प्रेस, भट्ट्या आणि शिल्पशाळा महाविद्यालयाची वेळ संपल्यावर व दीर्घ सुट्ट्यांमध्ये बाहेरच्या कलावंतांना नाममात्र शुल्कात वापरता याव्यात. सर ज. जी. संस्थेला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला असल्याने तिथे असा निर्णय घेणे आता अधिक सोपे असावे. जिथे शासकीय कला महाविद्यालय नाही, तिथे आपल्याच विभागाची तंत्रनिकेतने आहेत. त्यांच्या कार्यशाळांत लेथ आहे, वेल्डिंग आहे, सुतारकामाची बाके आहेत, आणि संध्याकाळी त्यांना कुलूप लागते. अशा एखाद्या तंत्रनिकेतनात फक्त एका एचिंग प्रेसची (आम्लाने कोरलेल्या पत्र्यांचे छाप घेणाऱ्या यंत्राची) आणि एका सिरॅमिक भट्टीची भर घातली, तरी त्या परिसरातल्या कलावंतांना पुण्यामुंबईचा हेलपाटा पडणार नाही.

यातल्या अडचणी मला ठाऊक आहेत. आम्लाच्या खोलीत धूर ओढून घेणारा पंखा हवा, वापरलेल्या आम्लाची विल्हेवाट नीट लागली पाहिजे, आणि यंत्राची जबाबदारी घेणारा माणूस हवा. हा माणूस म्हणजे तंत्रसहायक, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या योजनेत त्याचे पद सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रेसच्या रुळाचा दाब दोन्ही बाजूंना सारखा आहे का हे रोज पाहणारा कुणी नसेल, तर उत्तम प्रेसही वर्षभरात निकामी होतो. म्हणून यंत्रखरेदीच्या आधी ते पद मंजूर व्हावे.

दुसरी मागणी लहान आहे. राज्य कला प्रदर्शनात रेखा व रंगकला, शिल्पकला, मुद्राचित्रण, उपयोजित कला असे विभाग असतात. त्यांत मिश्र माध्यम व मांडणशिल्प (जागेत वस्तू, चित्र, आवाज मांडून केलेली कलाकृती) यांसाठी स्वतंत्र विभाग असावा आणि त्याच्या परीक्षकांत असे काम केलेली माणसे असावीत. काही वर्षांपूर्वी मी इचलकरंजीच्या मांजरपाटावर छाप उतरवून, आईकडून त्यांची गोधडी शिवून घेऊन, त्या गोधडीजवळ मागाचा आवाज ऐकू येईल अशी मांडणी केली होती. एका प्रदर्शनाच्या अर्जात ‘माध्यम’ या शब्दापुढे एकच चौकट होती. मी तिच्यात मावेल तेवढ्या बारीक अक्षरांत सगळे लिहिले, आणि अर्ज कोणत्याही विभागात बसत नाही या शेऱ्यासह परत आला. आईने महिनाभर घातलेले टाके त्या शेऱ्यात कुठेच नव्हते, याचे मला अजून वाईट वाटते.

सुरुवात एका जिल्ह्यापासून करावी अशी माझी विनंती आहे. कोल्हापुरात फाउंड्रीचे कारखाने आहेत, चित्रकला आणि शिल्पकलेची जुनी परंपरा आहे, आणि शासकीय तंत्रनिकेतनही आहे. इथे एक वर्ष प्रयोग करून पाहावा. प्रेस जोडून देण्यापासून पहिल्या कलावंतांना तो चालवायला शिकवण्यापर्यंतचे काम मी त्या वर्षभर विनामूल्य करायला तयार आहे. या विषयावर भेटीची वेळ मिळाल्यास जस्ताचे पत्रे, शाई आणि माझे काही छाप बरोबर घेऊन येईन.

आपला विश्वासू,
एक मुद्राचित्रकार, कोल्हापूर