ज्येष्ठमध घ्या, पण मोजून

संपादक महोदय,

थंडी पडली की ज्येष्ठमधाच्या काढ्याचे सल्ले सुरू होतात. कोरडा खोकला, खवखवणारा घसा, बसलेला आवाज यांवर या मुळाने आराम पडतो, हे खरेच. पण किती घ्यायचे आणि किती दिवस, हे कोणी सांगत नाही. बाळगुटीत ज्येष्ठमधाचे सहाणेवर मोजून एक-दोन वेढे उगाळतात. मोठी माणसे मात्र चमच्यावर चमचे भुकटी उकळतात आणि महिनोन्‌महिने पितात.

मुळात भुकटी घेऊच नये, तिच्यात काय मिसळले आहे ते कळत नाही. कांड्या घ्याव्यात. बाहेरून तपकिरी, आतून पिवळी आणि मोडल्यावर तंतू दिसणारी कांडी चांगली. कुबट वास येत असेल किंवा भुगा झडत असेल तर ती परत करावी. गुंजेची मुळेही ज्येष्ठमध म्हणून खपवली जातात आणि गुंजेचे बी जहाल विषारी असते, म्हणून जंगलातून कोणी आणून दिलेले मूळ वापरू नये.

काढ्यासाठी कांडी कुटून केलेली ३ ग्रॅम भरड दोन कप पाण्यात मंद आचेवर एक कप उरेपर्यंत उकळावी. भांडे मोठे घ्यावे आणि झाकण ठेवू नये, कारण याला साबणासारखा फेस येऊन काढा उतू जातो. गाळून निम्मा सकाळी, निम्मा संध्याकाळी घोट घोट प्यावा. साखर-गूळ नको, मूळच पुरेसे गोड असते.

हा गोडवा मुळातल्या ग्लिसिरायझिन या घटकाचा. युरोपात त्याची रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात. ज्येष्ठमधाच्या कांडीत ते ४ टक्के धरले, तरी ३ ग्रॅममध्ये १२० मिलिग्रॅम होते. म्हणूनच काढा आठवडाभर घेऊन थांबवावा. रोज घेत राहिल्यास शरीरात मीठ-पाणी साठते आणि पोटॅशियम लघवीवाटे जाते. मग रक्तदाब चढतो, पायावर सूज येते, गोळे येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तदाबाची गोळी चालू असूनही आकडा उतरत नसेल, तर डॉक्टरांना या काढ्याबद्दल आवर्जून सांगावे.

उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्यांनी हा काढा घेऊच नये.

आपल्या पुरवणीत घरगुती उपाय छापताना प्रत्येकापुढे वजन, दिवस आणि कोणी टाळावे हेही छापावे, ही विनंती.

– एक आयुर्वेद अभ्यासक, पुणे