दोन पावांची खंडणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका गृहस्थांनी आमच्या छावणीवर लिहिलं. ‘दोन पावांपायी दोन मावळ्यांना घरी पाठवलं, हा कसला इतिहासाभिमान?’ असा त्यांचा सवाल. त्या छावणीची कोठी माझ्याकडे असते. मावळ्यांचे अंगरखे मी शिवते. आणि ज्याच्या टोपलीतून ते पाव गेले, त्या पोदेराची, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याची, माफी मागायलाही मीच गेले होते. तेव्हा उत्तरही मीच लिहिते.

आमचा गट नोव्हेंबर १६८३ची फोंड्याच्या किल्ल्याची लढाई त्या काळच्या पोशाखात पुन्हा उभी करतो. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर तोफा घेऊन किल्ल्यावर आला, आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी झुंजले, संभाजी महाराज मदतीला पोचले आणि फिरंग्यांना माघार घ्यावी लागली. त्यासाठी फोंड्याजवळच्या एका माळावर आम्ही दोन रात्री राहुट्या टाकून राहतो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत आला. आमची दोन पोरं अंगरखा-पगडीत आडवी झाली, तलवारी म्यानाबाहेर. ‘खंडणी टाक आणि पुढे जा!’ तिसरा मोबाईलवर चित्रण करत होता. पोदेर सायकल टाकून दोन पावलं मागे सरला. पोरांनी पाव उचलले, हसली, मग पैसेही दिले. पत्रलेखकांचा सगळा भर त्या ‘पैसे दिले’वर आहे. पण पैसे पुढे आले तेव्हा त्याचे हात थरथरत होते, आणि तलवारी बोथट आहेत हे त्याला कुणी सांगितलं होतं? त्यानंतर त्या वाटेला भोंगा वाजला नाही. तो खालच्या रस्त्याने जाऊ लागला.

इतिहासाभिमानाचंच बोलायचं तर चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र काढून वाचावं. पावसाळ्यात पागा एका जागी बसलेली. वैरण आत्ताच उधळाल तर पुढे घोडी मरतील, असं त्यात बजावलं आहे. आणि वैरण-दाणा संपला की कुणी कुणब्याचे दाणे आणील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी भाजी, हेही आधीच ओळखलं आहे. असं झालं तर लोकांना मोगल परवडले असं वाटेल, हे महाराज स्वतःच्या माणसांना सुनावतात. हवं ते बाजारातून विकत घ्या, हा हुकूम. आमच्या पोरांनी भाकरीऐवजी पाव घेतला, एवढाच फरक.

त्याच पत्रात उंदराचीही गोष्ट आहे. दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल. राजाला उंदराची वात दिसत होती आणि आम्हाला पहिल्या वर्षी मशालीची ठिणगी दिसली नाही. माळाला लागूनच काजूची बाग, झाडं मोहरावर आलेली, खाली वाळका पाला. दहा-बारा हात गवत जळल्यावर घागरी ओतून विझवलं. भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, आम्हाला परत जागा दिली हे त्याचं मोठेपण. मार्च २०२३मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले ते आपण सगळ्यांनीच पाहिलं. आता मशाली नाहीत. राहुटीत काचेचा कंदील, बाहेर पाण्याच्या दोन बादल्या, आणि अंगावर सुती मांजरपाटच. पॉलिस्टरचा अंगरखा स्वस्त पडतो, पण ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतो. ‘काकी, लांबून कुणाला कळतंय?’ असं विचारणाऱ्याला मी माप न घेता परत पाठवते.

छावणीत दोन्ही दारू बंद. फेणीची बाटली सापडली तर माणूस घरी. तोफेच्या आवाजासाठी जत्रेतलं दारूकाम आणू, असं एकाने सुचवलं होतं, त्यालाही नाही म्हटलं. आवाज ढोलावर काढतो.

तलवारीची धार घासून गोल केलेली, टोक बोथट. भोसकायचं नाही, खांद्याच्या वर वार नाही, आणि ज्याच्याबरोबर सराव केला त्याच्याशीच लढायचं. तीन शिट्ट्या झाल्या की सगळ्यांनी हत्यार खाली. शिट्टी सतराव्या शतकातली नाही, मान्य. पण ‘हर हर महादेव’च्या गजरात ‘थांबा’ कुणाला ऐकू येतं? सगळ्यात अवघड नियम मात्र मरण्याचा. वार बसला की पडायचं. आमच्याकडे कुणी पडतच नाही! सगळ्यांना कृष्णाजी व्हायचं असतं. ते जखमांनी गेले, हे त्या क्षणी कुणाला आठवत नाही.

एका पोराने मला बखरीतला दाखला दिला होता: ‘काकी, महाराजांच्या लष्करात बायका नसाव्यात असा नियम होता.’ होता खरा. बायको, बटीक, कलावंतीण लष्करात नको, आणि ठेवली तर गर्दन मारायची. ती ताकीद पुरुषांना होती, हे मी त्याला सांगितलं. आणि त्याच्या अंगरख्याचे तुटलेले बंद तसेच ठेवले. संध्याकाळी सुई मागायला आला.

छावणीबाहेर हत्यार न्यायचं नाही आणि पोशाखात बाजारात फिरायचं नाही, या नियमावर मी अडून बसते. त्या पोशाखात कुणी दांडगाई केली तर बघणाऱ्याच्या डोळ्यांत त्याचं नाव राहत नाही, पगडी राहते. फिरंग्यांच्या बाजूला उभं राहणाऱ्यांना चिडवायचं नाही, हाही नियम त्यातलाच. व्हाइसरॉयच्या फौजेत गोव्याचेही शिपाई होते. आज ती बाजू घेणाऱ्यांत आमचे शेजारी आहेत, त्यातले काही ख्रिस्ती. दुपारी लढतात, रात्री आमच्याच पंगतीला बसतात. (पाव फक्त त्यांना, आम्हाला भाकरी. यावरून दरवर्षी भांडण होतं.)

त्या दोन पोरांपैकी एक परवा दुकानात येऊन गेला. पुढच्या वेळी काय काम देता म्हणाला. पाण्याच्या बादल्या दिल्यात. दुसरा अजून रुसलेला आहे.

पत्रलेखकांनीही यंदा जरूर यावं. मावळ्यांच्या जागा भरल्या, फिरंग्यांच्या बाजूला तीन माणसं कमी आहेत. माप पंधरा दिवस आधी द्यावं. त्या कोटाला चौदा बटणं लागतात आणि काजं मी हाताने करते.

आपली,
छावणीची कोठी सांभाळणारी एक शिवणकामवाली,
वरचा बाजार, फोंडा