काका, पद्मिनीच्या सस्पेन्शनसाठी मनापासून थँक यू

काका, नाव टाकायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून टाकत नाही, पण आभार मात्र सगळ्यांसमोरच मानणार. फोनवर थँक यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता आणि विचारता, बोल्टना तेल लावलं का. लावलंय काका, आता जरा ऐका.

बाबांच्या १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीचं पुढचं सस्पेन्शन पूर्ण बसलं, मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) पण बसले, आणि गाडीखाली हातातली बॅटरी घेऊन सरपटत गेलं की जे दिसतं ते बघून बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले की शोरूममधून आणली तेव्हा खालून अशीच होती. मला हेच हवं होतं आणि हे तुमच्यामुळे झालं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर प्लेटिंग-फॉस्फेटिंगच्या (गंज रोखायला धातूवर पातळ थर चढवण्याच्या) शॉपमध्ये उभं राहिलेल्या माणसाने एका अनोळखी मुलीसाठी रिटायरमेंटचे इतके रविवार द्यावेत, कशासाठी, तर विशबोनचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या आर्मचा, काळा रंग किती चमकला पाहिजे यासाठी! याचं मोल मी पैशात नाही करू शकत आणि तुम्ही करू पण देत नाही.

जे वाचतायत त्यांना थोडं सांगते. जुनी गाडी खोलली की आजकाल पहिला सल्ला मिळतो तो एकच, सगळं सॅन्ड ब्लास्ट कर (वाळूचा मारा करून घासून काढ) आणि सरसकट काळं पावडर कोटिंग (रंगाची पूड भट्टीत वितळवून केलेला थर) मारून टाक, वीस वर्षं बघायला नको. मला पण दोन-तीन गॅरेजवाल्यांनी हेच सांगितलं होतं आणि ते वाईट हेतूने नाही सांगत, त्यांना खरंच ते छान वाटतं. पण काकांनी सगळ्यात आधी मला थांबायला सांगितलं. म्हणाले, आधी बघ, मग धू, मग परत बघ, आणि घासायचं सगळ्यात शेवटी. कारण कंपनीने काय फिनिश दिलं होतं हे लिहिलेलं कुठेच नाही, ते त्या पार्टवरच आहे, चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या ग्रीस आणि चिखलाखाली, आणि एकदा ब्लास्टिंगची बंदूक फिरली की पुसलं ते कायमचं.

मग आम्ही बघायला लागलो. डिझेल, पितळी ब्रश, प्लास्टिकची पट्टी, बस. वॉशरच्या खाली, ब्रॅकेटच्या मागे, पाट्यांवर जिथे यू बोल्टची प्लेट बसते तिथे, स्प्रिंगच्या आतल्या बाजूला, जिथे ना पाणी पोचतं ना मेकॅनिकचा ब्रश. आणि काय काय निघालं! कॉइल स्प्रिंगवर रंगाचा एक ठिपका, जो मी नक्की पुसून टाकला असता, तुम्ही सांगितलंत की एकाच मापाच्या स्प्रिंगा सुद्धा लोड टेस्टला थोड्या कमी-जास्त भरतात म्हणून त्यांचे गट करतात आणि गटाला रंग देतात, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला सारख्या गटाच्या जोडता येतात. स्टब ॲक्सल (ज्यावर पुढचं चाक फिरतं) आणि स्टिअरिंग आर्मवर रंगच नव्हता, फोर्जिंगची, म्हणजे तापवून ठोकून घडवतानाची, ती निळसर करडी साल तशीच्या तशी होती. बोल्ट आणि नट काळपट करडे, म्हणजे फॉस्फेट आणि तेल. आणि विशबोनच्या खालच्या कडेला रंगाचा सुकलेला थेंब! त्या थेंबावर तुम्ही किती खूश झालात ते मला आठवतंय. कारण थेंब म्हणजे पार्ट स्प्रेने नाही, डब्यात बुडवून रंगवलाय, आणि थेंब जिथे आहे ती बाजू टांगताना खाली होती, म्हणून वरच्या बाजूला हुकची खूण असणार. शोधली, तर होती!

त्या दिवसापासून मला पार्ट वाचायचा नादच लागला. आता मी कुठलाही जुना पार्ट हातात घेतला की आधी थेंब शोधते.

काकांनी दुसरी गोष्ट समजावली ती फार महत्त्वाची आहे, ती दिसण्याची नाही, जिवाची आहे. मला वाटत होतं की सगळं मेटल सारखंच, गंज काढायला ॲसिडमध्ये टाका, झिंक मारा, झालं. तसं नाहीये. स्प्रिंग स्टील आणि हाय टेन्साइल बोल्ट खूप कडक असतात, आणि असं कडक स्टील ॲसिडमध्ये किंवा प्लेटिंगच्या बाथमध्ये गेलं की त्यात हायड्रोजन शिरतो, वरून काही दिसत नाही, पार्ट एकदम नवा कोरा दिसतो, आणि लोडखाली काही तासांनी नाहीतर काही दिवसांनी खटकन तुटतो. वाकत नाही, सरळ तुटतो. म्हणून कॉइल स्प्रिंग आणि पाटे यांना ना ॲसिड ना प्लेटिंग, फक्त हाताने साफसफाई आणि रंग. पाट्यांच्या बाबतीत तर तुम्ही खरखरीत वाळूचं ब्लास्टिंग पण करू दिलं नाहीत, कारण खड्डे पडले की क्रॅक तिथूनच सुरू होते, उलट स्प्रिंगांवर बारीक गोल छर्रे मारून वरची साल दाबून घट्ट करतात, त्याने आयुष्य वाढतं. छर्रे आणि वाळू यात एवढा फरक असतो हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आणि बोल्टचं. डोक्यावर १२.९ (हा ताकदीचा ग्रेड, आकडा मोठा तितका बोल्ट कडक) असेल तर झिंक प्लेटिंगला द्यायचाच नाही. १०.९ दिला तर शिरलेला हायड्रोजन बाहेर काढायला प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत भट्टीत, साधारण १९० ते २२० डिग्रीला, आणि अर्धा तास नाही, चांगले कित्येक तास. आणि पिवळं पॅसिव्हेशन (झिंकवरचा पिवळा संरक्षक थर) हवं असेल तर भट्टी आधी आणि पिवळं नंतर, कारण पिवळा थर त्या गरमीत टिकत नाही. हा क्रम उलटा करणारे लोक आहेत, तुम्ही त्यांच्याबद्दल जे बोललात ते इथे लिहीत नाही. जुन्या बोल्टच्या डोक्यावर आकडेच नसतील तर हार्डनेस चेक केल्याशिवाय हात लावायचा नाही, हे पण तुमचंच.

अजून एक, हे मी मुद्दाम लिहितेय कारण घरी रेस्टोरेशन करणारे खूप वाढलेत. जुन्या गाड्यांवर जे पांढरट, किंचित मऊ दिसणारं प्लेटिंग असतं ते झिंकच असेल असं नाही, कॅडमियम पण असू शकतं, आणि नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. त्याची धूळ आणि गरम केल्यावर निघणारा धूर दोन्ही विषारी. म्हणून असा पार्ट ग्राइंडरवर धरायचा नाही, कोरडा घासायचा नाही, गॅसच्या टॉर्चने तापवायचा तर अजिबातच नाही. काकांनी माझ्या हातातून व्हील ब्रश अक्षरशः काढून घेतला होता. तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं, आता थँक यू.

आता पावडर कोटिंगचं. काका पावडरच्या विरोधात नाहीत, गेटला मारा, खुर्चीला मारा म्हणतात. पण पावडरचा थर साधारण ६०-८० मायक्रॉन, आणि बुडवून भट्टीत भाजलेला एक हात काळा रंग त्याच्या निम्म्याहून कमी. जिथे बोल्टने दोन तुकडे आवळायचे असतात तिथे मध्ये जाड थर राहिला की तो हळूहळू दबतो आणि बोल्टचा ताण कमी होतो, म्हणजे टॉर्क देऊन घट्ट केलेलं सस्पेन्शन काही महिन्यांत सैल. शिवाय दिसायला पण चूक, सगळ्या कडा गोल आणि सगळीकडे सारखी चमक. कंपनीचं फिनिश तसं नसतंच. ते पातळ असतं, कुठे जास्त कुठे कमी, स्टॅम्पिंगच्या रेषा त्यातून दिसतात. मला ते आता जास्त सुंदर वाटतं, खरंच वाटतं, कारण त्यात कोणाचा तरी हात दिसतो, शिफ्ट दिसते.

चमक जुळवायचा तो रविवार मला कायम लक्षात राहील. पत्र्याचे तुकडे, प्रत्येकावर काळं स्टोव्हिंग पेंट (भट्टीत भाजायचा रंग), प्रत्येकात मॅटिंग, म्हणजे चमक मारणारी पूड, थोडं कमी-जास्त, आणि मग तुम्ही ते गॅलरीत सावलीत नेऊन जुन्या विशबोनच्या झाकलेल्या भागाशेजारी धरून बघत होतात, उन्हात नाही, ट्यूबलाइटखाली पण नाही. काकू म्हणाल्या सगळे काळेच तर आहेत. आणि तुम्ही म्हणालात हा नाही, हा पण नाही, हा. आणि खरंच तोच होता. मग बुश (सांध्यातले रबराचे तुकडे) काढलेले विशबोन त्याच हुकच्या जागी टांगून बुडवले, निथळू दिले, भट्टीला १२०-१४० डिग्रीला अर्धा तास, आणि बाहेर काढले तेव्हा खालच्या कडेला थेंब, जुन्याच जागी!

विशबोनचा गंज मळीत (साखर कारखान्यातल्या मोलॅसिसमध्ये) काढायची आयडिया पण काकांचीच. पशुखाद्याच्या दुकानात मिळते ती मळी, नऊ-दहा भाग पाणी, पिंप, झाकण आणि भरपूर धीर. वास विचारू नका, सोसायटीत शक्यच नव्हतं, म्हणून पिंप मामाच्या शेतावर गेलं. पण गंज जातो आणि चांगलं मेटल तसंच राहतं. फक्त पत्र्याच्या पार्टसाठी हं, स्प्रिंगा यात पण नाही.

फोर्जिंगच्या पार्टना रंग न देता नुसतं साफ करून मेणाचा पातळ थर दिलाय. ठाण्याच्या जुलैमध्ये उघडं मेटल एका रात्रीत लाल होतं त्यामुळे मी घाबरले होते, पण दर पावसाळ्याआधी पुसून परत लावायचं एवढंच काम आहे, आणि ती निळसर साल बघायला मिळते. ब्लास्ट केलं असतं तर ते करडं-पांढरं एकसारखं झालं असतं आणि परत कधीच आलं नसतं.

काकांनी अजून केलं काय, तर फोन. हे सगळ्यात अवघड काम होतं असं मला वाटतं. जॉबवर्कवाल्यांना शंभर-दोनशे किलोचा लॉट हवा असतो, माझी एक पिशवीभर नट-बोल्टची ऑर्डर बघून कोणी नीट बोलत पण नव्हतं, आणि त्यांचंही बरोबर आहे, एवढ्यासाठी बाथ कोण तापवणार. तुम्ही जुन्या ओळखीत फोन केलात, मग स्वतः जाऊन वॉशर आणि छोटे नट बॅरलला (फिरत्या पिंपाला) कुठले, मोठे बोल्ट तारेने बांधून वेगळे कुठले हे वाटून दिलंत, कारण बॅरलमध्ये मोठे बोल्ट एकमेकांवर आपटून आटे खराब होतात. मँगनीज फॉस्फेटचा बाथ ९५ डिग्रीच्या आसपास असतो आणि बाहेर काढल्यावर लगेच तेलात, कारण त्या थराच्या बारीक स्फटिकांमध्ये तेल मुरतं आणि गंजापासून वाचवतं ते तेलच, हे सगळं तिथल्या पोरांना नीट माहीत होतं, तरी तुम्ही शेवटचा बोल्ट तेलात पडेपर्यंत उभे राहिलात. आणि घरी बादलीत प्लेटिंग करायचे जे किट मिळतात त्याला सक्त मनाई, सांडपाण्याची सोय असलेल्या शॉपमध्येच द्यायचं. ते ऐकलंय मी, आणि इतरांना पण सांगतेय.

कोणी म्हणेल पद्मिनीसाठी एवढं? व्हिंटेज तर नाही. पण विचार करा, फियाट ११०० डी कुर्ल्याला १९६४ पासून बनायला लागली, १९७४ ला पद्मिनी नाव आलं, ती गाडी २००० पर्यंत चालू होती, आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. टॅक्सी गेल्या तसे पार्ट पण भंगारात गेले. जे उरलेत त्यांच्यावर थरावर थर रंग मारलेला. इटलीतल्या ११०० चे छान रिस्टोअर केलेले फोटो मिळतात, पण आपल्याकडे पार्ट इथेच बनत होते, इथल्या सप्लायरकडून येत होते, त्यांचं फिनिश तिकडच्यासारखंच असेल असं धरून कसं चालेल? ते इथल्याच गाडीखाली बघावं लागतं, आणि बघायला शिल्लक गाड्या कमी होत चालल्यात. म्हणून ज्यांच्याकडे अजून न उघडलेली पद्मिनी किंवा तिच्या आधीच्या नावांची प्रेसिडेंट किंवा डिलाइट असेल त्यांनी प्लीज, धुण्याआधी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, सावलीत. आणि काढलेले बोल्ट फेकू नका, निदान एक तरी न घासता ठेवा.

काका, तुमच्या वहीतली बाथची टेम्परेचरं आणि वेळा मी स्वच्छ लिहून काढल्यात, एक प्रत तुमच्याकडे येईल, चुका दुरुस्त करून द्या. काकूंना पण थँक यू, त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्या हलवून आम्ही जे टेबल मांडलं होतं ते त्यांनी अजून काढलेलं नाही असं कळलं. ते राहू दे, कारण मागचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेला दांडा) अजून बाकी आहे. त्याच्या ब्रॅकेटखाली मला हिरवट काहीतरी दिसलंय, मी घासलेलं नाहीये, नुसतं डिझेलने पुसलंय आणि फडक्यात गुंडाळून ठेवलंय. रविवारी बाबा घ्यायला येतील तुम्हाला, चष्मा आणि भिंग दोन्ही आणा.