इंजिन उचलण्याआधी क्लच लिंकेज सोडवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

साठच्या दशकातील अमेरिकन मसल कार, म्हणजे जोरकस इंजिनाच्या गाड्या, पुन्हा उभ्या करण्याविषयी जे लेखन वाचायला मिळते, त्यात इंजिन उतरवण्याचे काम एका वाक्यात उरकलेले असते: बॅटरी सोडा, रेडिएटर रिकामा करा, इंजिन ज्यांवर टेकते त्या माउंटचे बोल्ट काढा आणि साखळी लावून इंजिन उचला. हाताने गिअर बदलायच्या गाडीत या यादीतून क्लच लिंकेज, म्हणजे पेडलावरचा पायाचा दाब क्लचपर्यंत नेणारी जोडणी, राहून जाते. त्याविषयी कळकळीने लिहावेसे वाटले, म्हणून हे पत्र.

पॉन्टिअॅक जीटीओ १९६४ मध्ये आली तेव्हा तिच्यात ३८९ घनइंची, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन होते आणि एकाच कार्ब्युरेटरवर त्याची ताकद ३२५ अश्वशक्ती सांगितली जाई. एवढे जोरकस इंजिन अॅक्सिलरेटर दाबताच रबरी माउंटांवर एका अंगाला पीळ खाते. क्लचचे पेडल बॉडीला बसवलेले, क्लच मात्र इंजिनाबरोबर हलणारा. या दोहोंमध्ये पायाचा दाब पोहोचवण्यासाठी त्या काळच्या अनेक गाड्यांत एक आडवा दांडा असे, ज्याला आकारावरून झेड-बार म्हणतात. त्याचे एक टोक चासीवरच्या ब्रॅकेटला आणि दुसरे इंजिनाच्या ब्लॉकला किंवा बेल हाउसिंगला (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या आवरणाला), बहुधा गोल डोक्याच्या स्टडवर टेकलेले असते. त्यामुळे इंजिन डोलले तरी दांडा मोकळा फिरतो आणि क्लच आपोआप ओढला जात नाही. ही रचना मला आजही फार समंजस वाटते.

इंजिन उतरवताना मात्र हीच मांडणी अडचणीची ठरते, कारण दांड्याचे एक टोक इंजिनाबरोबर वर जाऊ पाहते आणि दुसरे चासीला धरून राहते. माझ्या हातून एकदा ही चूक झाली आणि इंजिन हॉइस्टवर लटकत असताना ब्रॅकेट वाकले. तेव्हापासून मी आधी परतीची स्प्रिंग काढतो, मग फोर्ककडे (क्लच सोडवणाऱ्या काट्याकडे) आणि पेडलकडे जाणारे दोन्ही रॉड सोडवतो, त्यानंतर चासीवरचे ब्रॅकेट उघडतो आणि शेवटी दांडा इंजिनाकडच्या स्टडवरून अलगद सरकवून घेतो. फोर्कच्या रॉडवरचा लॉकनट फिरवण्यापूर्वी बाहेर दिसणाऱ्या आट्यांची लांबी मोजून ठेवावी. नवी क्लच प्लेट बसवल्यावर फ्री प्ले, म्हणजे पेडलाची मोकळी चाल, नव्याने लावावाच लागतो, तरीही सुरुवात कुठून करायची हे त्या मोजमापावरून कळते.

जड पेडलाचा कंटाळा आला म्हणून ही सगळी जोडणी भंगारात टाकून हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा, क्लच बसवण्याकडे हल्ली कल दिसतो. पुष्कळदा दोष झिजलेल्या बुशांचा आणि लंबगोल झालेल्या छिद्रांचा असतो. बुश बदलून, छिद्रे भरून घेऊन आणि ग्रीस लावून पेडल पुन्हा सुरळीत चालते. म्हणून दांडा, स्टड, वॉशर आणि क्लिपा चिठ्ठी लावून एका पिशवीत जपून ठेवाव्यात, कारण यांतील बारीक वस्तूच सर्वांत आधी हरवतात.

आपल्या मोटारविषयक पानावर या दांड्याचे आणि त्याच्या दोन्ही टोकांचे एखादे स्पष्ट रेखाचित्र छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक